कर्ककोशिकांचे प्रकारांतर : पचन तंत्रातील अर्बुदांचा यकृतातील प्रक्षेप

जठर, अग्निपिंड, बृहदांत्र (मोठे आतडे) किंवा गुदांत्र यांतील मारक अर्बुदाच्या (कोशिकांच्या अनिर्बंध वाढीमुळे होणाऱ्या व जिवाला धोका उत्पन्न करणाऱ्या गाठीच्या) कोशिका मूळ जागेपासून सुटून रक्तप्रवाहाबरोबर यकृतात जातात व तेथे नवी अर्बुदे निर्माण करतात. अशा दुय्यम अर्बुदाला प्रक्षेप म्हणतात. या प्रवासात कर्ककोशिकेचे (कर्करोगाच्या कोशिकेचे) रूप, तिचे शेजारच्या कोशिकांशी असलेले बंध व तिच्यातील कार्यरत जनुके (आनुवंशिकतेची एकके) यांत जे बदल होतात, त्यांना कोशिकेचे प्रकारांतर असे म्हणतात. कर्करोगामुळे होणारे बहुसंख्य मृत्यू मूळ अर्बुदापेक्षा प्रक्षेपांमुळे होतात. त्यामुळे आतड्यातील कोशिका यकृतासारख्या सर्वस्वी वेगळ्या इंद्रियात कशी तग धरते, हा प्रश्न वैद्यकात मूलभूत मानला जातो.

या प्रश्नाचा इतिहास काहीसा विलक्षण आहे. दुय्यम अर्बुद म्हणजे स्थानिक कोशिकांचे प्रकारांतर होय, ही कल्पना एकोणिसाव्या शतकात मांडली गेली आणि त्याच शतकात ती चुकीची ठरली. त्यानंतर सु. शंभर वर्षांनी प्रकारांतराची कल्पना पुन्हा पुढे आली. परंतु या वेळी बदलणारी कोशिका यजमान इंद्रियाची नसून बाहेरून आलेली आहे, असे दिसून आले.

यकृताचे स्थान : जठर, आतडी, अग्निपिंड व प्लीहा यांतील रक्त सरळ हृदयाकडे न जाता प्रवेशिका नीलेवाटे प्रथम यकृतात येते. यकृताला मिळणाऱ्या एकूण रक्तापैकी सु. ७५% रक्त या नीलेतून व उरलेले यकृत रोहिणीतून येते. पचनानंतर शोषलेली पोषकद्रव्ये ज्या मार्गाने यकृतात येतात, त्याच मार्गाने आतड्यातील अर्बुदाच्या सुट्या कोशिकाही येतात. गुदांत्राच्या खालच्या भागातील रक्त मात्र बव्हंशी अधोमहानीलेत जाते आणि म्हणून तेथील अर्बुदाचे पहिले प्रक्षेप फुप्फुसात आढळण्याचे प्रमाण तुलनेने अधिक असते. बृहदांत्र व गुदांत्र यांच्या कर्करोगाच्या सु. १५ ते २५% रुग्णांच्या यकृतात निदानाच्या वेळीच प्रक्षेप आढळतात.

यकृताची सूक्ष्मरचनाही आगंतुक कोशिकेला सोयीची असते. तेथील केशवाहिन्या रुंद असून त्यांच्या भित्तीत सूक्ष्म छिद्रे असतात आणि इतर इंद्रियांतील केशवाहिन्यांभोवती असणारा अखंड आधारपटल तेथे नसतो. असे असूनही तेथे प्रवेश मिळणे व तेथे वाढता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केशवाहिन्यांतील कुप्फर कोशिका परक्या कणांचे भक्षण करतात आणि आजूबाजूला यकृतकोशिकांच्या रांगा आपापल्या कार्यात गुंतलेल्या असतात. आतड्याच्या श्लेष्मकलेत (आतील ओलसर अस्तरात) जन्मलेल्या कोशिकेला हा परिसर अपरिचित असतो. [⟶ यकृत].

प्रारंभीच्या कल्पना : सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात अर्बुदाचे वर्णन आहे. आधीच्या अर्बुदावर पुन्हा उद्भवणाऱ्या अर्बुदाला अध्यर्बुद आणि एकाच वेळी किंवा क्रमाने जोडीने होणाऱ्या अर्बुदांना द्विरर्बुद अशी नावे तेथे दिली आहेत. अर्बुद एकाच जागी थांबत नाही, हे निरीक्षण त्यात दिसते. कारणमीमांसा मात्र दोषांच्या परिभाषेत केलेली आहे. यूरोपातही दीर्घकाळ कर्करोग हा शरीरातील द्रवांच्या विकृतीमुळे होतो असे मानले जात होते. दूरच्या इंद्रियात होणाऱ्या दुय्यम वाढीसाठी स्वतंत्र संज्ञा झोझेफ रेकाम्ये या फ्रेंच वैद्यांनी १८२९ मध्ये वापरली.

अर्बुदे कोशिकांचीच बनलेली असतात, हे योहानेस म्यूलर या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले. त्यांचे शिष्य रूडोल्फ फिरखो यांनी प्रत्येक कोशिका पूर्वीच्या कोशिकेपासूनच उत्पन्न होते, या तत्त्वावर विकृतिविज्ञानाची उभारणी केली (१८५८). तथापि कर्करोगाच्या बाबतीत त्यांचे मत असे होते की, हा रोग संयोजी ऊतकाच्या (इंद्रियांना आधार देणाऱ्या ऊतकाच्या) कोशिकांपासून उत्पन्न होतो आणि मूळ अर्बुदातून पाझरणाऱ्या द्रवाच्या प्रभावाने दूरच्या इंद्रियातील स्थानिक कोशिका कर्ककोशिका बनतात. या मताप्रमाणे यकृतातील दुय्यम अर्बुद हे यकृतातीलच कोशिकांचे प्रकारांतर ठरत होते.

हे मत फार काळ टिकले नाही. कार्ल टिर्श यांनी १८६५ मध्ये त्वचेच्या कर्करोगाचा उगम उपकलेत (शरीराच्या व पोकळ इंद्रियांच्या पृष्ठभागावरील कोशिकांच्या थरात) असल्याचे दाखविले. व्हिल्हेल्म व्हाल्डायर यांनी १८६७ व १८७२ मधील लेखांत हाच निष्कर्ष इतर इंद्रियांना लागू केला. दुय्यम अर्बुदे ही रक्तवाहिन्या व लसीकावाहिन्या यांतून वाहत आलेल्या कोशिकांपासून होतात, असे त्यांनी प्रतिपादन केले. १८६९ मध्ये ऑस्ट्रेलियातील टॉमस ॲशवर्थ यांना कर्करोगाने मृत्यू पावलेल्या एका रुग्णाच्या रक्तात त्याच्या अर्बुदातील कोशिकांसारख्याच कोशिका आढळल्या. अशा रीतीने प्रवास कोशिकाच करते, हे निश्चित झाले. बृहदांत्राच्या कर्करोगाचा यकृतातील प्रक्षेप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला असता त्यात आतड्यातल्यासारख्या नलिकाकार ग्रंथी दिसतात, या नेहमीच्या अनुभवानेही त्याला दुजोरा मिळाला. येथपासून कर्ककोशिका आपले मूळ रूप घेऊनच सर्वत्र जाते, असा समज रूढ झाला.

बीज आणि भूमी : स्टीव्हन पॅजेट या इंग्रज शस्त्रक्रियातज्ञांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवपरीक्षांच्या नोंदी तपासल्या. यकृतात प्रक्षेप वारंवार, तर प्लीहेत क्वचित आढळतात, असे त्यांना दिसून आले. दोन्ही इंद्रियांना रोहिणीतून रक्त मिळत असताना हा फरक केवळ योगायोगाने पडणे शक्य नव्हते. बी चोहीकडे पडते, पण अनुकूल भूमीतच रुजते, या दृष्टांताने त्यांनी आपले मत मांडले. याउलट अमेरिकन विकृतिवैज्ञानिक जेम्स यूइंग यांनी १९२८ मध्ये प्रक्षेपाचे स्थान रक्ताभिसरणाच्या मार्गावरूनच ठरते, असे मत मांडले. आतड्याच्या कर्करोगाच्या बाबतीत ते पटण्यासारखे होते, कारण प्रवेशिका नीलेचा मार्ग सरळ यकृताकडेच जातो.

या वादाला प्रायोगिक वळण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मिळाले. आयझाया फिड्लर यांनी १९७० मध्ये किरणोत्सर्गी खूण केलेल्या कर्ककोशिका उंदरांच्या रक्तात सोडल्या. दोन आठवड्यांनंतर त्यांपैकी ०·१ टक्क्याहूनही कमी कोशिका जिवंत उरल्या होत्या. कॅनडात १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात त्वचेच्या एका मारक अर्बुदाच्या कोशिका उंदरांच्या प्रवेशिका नीलेवाटे यकृतात सोडण्यात आल्या. तीन दिवसांनी ८० टक्क्यांहून अधिक कोशिका केशवाहिन्यांबाहेर पडून यकृताच्या ऊतकात सुखरूप पोहोचलेल्या आढळल्या. परंतु त्यांपैकी सु. २ टक्क्यांनीच सूक्ष्म पुंज तयार केले आणि सु. ०·०२ टक्क्यापासूनच वाढती अर्बुदे झाली. उरलेल्यांपैकी पुष्कळ कोशिका एकेकट्या, विभाजन न होता सुप्त राहिल्या. यकृतापर्यंत पोहोचण्याचे काम रक्तप्रवाह करतो. तेथे रुजण्याचे काम मात्र कोशिकेला स्वतःला करावे लागते, असा याचा अर्थ होतो. पॅजेट व यूइंग हे दोघेही आपापल्या मर्यादेत बरोबर ठरले. ही मूठभर कोशिका इतरांपेक्षा कशात वेगळी असते, हा प्रश्न शिल्लक राहिला.

मुंबईतील कार्य : कोशिकेतील बदल पाहण्यासाठी ती शरीराबाहेर जिवंत ठेवून तिचे निरीक्षण करणे आवश्यक होते. या दृष्टीने भारतातील पहिले प्रयत्न मुंबईत झाले. परळ येथील टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा वसंत रामजी खानोलकर (१८९५–१९७८) या विकृतिवैज्ञानिकांनी सांभाळली. १९५२ मध्ये भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाल्यावर ते त्याचे पहिले संचालक झाले. कर्करोगाचा अभ्यास केवळ शवपरीक्षेपुरता न ठेवता लोकांच्या राहणीशी, सवयींशी व प्रायोगिक जीवविज्ञानाशी जोडण्यावर त्यांचा भर होता.

पुण्यात जन्मलेल्या कमल रणदिवे (पूर्वाश्रमीच्या कमल समर्थ, १९१७–२००१) यांनी खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. स्तनाच्या कर्करोगाला कमीअधिक प्रमाणात बळी पडणाऱ्या उंदरांच्या चार वाणांतील निरोगी स्तनग्रंथींच्या रचनेची तुलना त्यांनी व खानोलकरांनी केली होती. रोग होण्यापूर्वी ऊतकाची स्थिती कशी असते, म्हणजे पॅजेट यांच्या परिभाषेत भूमी कशी असते, हाच त्या अभ्यासाचा विषय होता. त्यानंतर रणदिवे यांनी अमेरिकेत बॉल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतकसंवर्धनाचे (शरीराबाहेर पोषक माध्यमात कोशिका वाढविण्याचे) तंत्र आत्मसात केले. मानवी कर्ककोशिकांची अखंड वाढणारी पहिली सरणी गाय यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये तयार झाली होती. भारतात परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या केंद्रात देशातील पहिली ऊतकसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. रक्ताचा, स्तनाचा व ग्रसिकेचा (अन्ननलिकेचा) कर्करोग यांच्या अभ्यासासाठी प्राण्यांतील प्रतिकृती तयार करण्याचे कामही त्यांनी केले. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या प्रभारी संचालक होत्या. त्यांना १९८२ मध्ये पद्मभूषण हा किताब मिळाला.

यकृतातील प्रक्षेप हा या प्रयोगशाळेचा मुख्य विषय नव्हता. तरीही पुढील काळात प्रकारांतराचे संशोधन ज्या साधनांवर उभे राहिले, ती म्हणजे संवर्धित कोशिका व उंदरांतील अर्बुदे ही दोन्ही साधने भारतात येथे रुजली.

प्रकारांतराचा शोध : या विषयाला निर्णायक दिशा कर्करोगविज्ञानातून नव्हे, तर भ्रूणविज्ञानातून मिळाली. भ्रूणाच्या प्रारंभीच्या अवस्थेत उपकलेतील काही कोशिका आपली रांग सोडतात, लांबट व संचारक्षम बनतात आणि आत शिरून नवे थर तयार करतात. अशा सैलसर मांडणीच्या ऊतकाला मध्योतक म्हणतात. अमेरिकन भ्रूणवैज्ञानिक एलिझाबेथ हे यांनी १९६० नंतरच्या दशकात कोंबडीच्या भ्रूणातील या घटनेचे वर्णन केले. १९८२ मध्ये त्यांनी व गॅरी ग्रीनबर्ग यांनी पूर्ण वाढ झालेल्या उपकलेच्या कोशिकाही कोलॅजेनाच्या जेलीत ठेवल्यास मध्योतकाचे रूप धारण करतात, असे दाखविले. कोशिकेचा प्रकार एकदा ठरला की तो कायमचा, या समजाला त्यामुळे धक्का बसला.

दरम्यान जपानमधील मासातोशी ताकेइची यांनी उपकलेतील कोशिकांना कॅल्शियमाच्या साहाय्याने एकमेकींशी जखडून ठेवणारी कॅडहेरीन ही प्रथिने शोधून काढली. २००० मध्ये स्पेनमधील दोन गटांनी स्वतंत्रपणे असे सिद्ध केले की, स्नेल नावाचे प्रथिन ई-कॅडहेरिनाच्या जनुकाचे कार्य बंद पाडते. बंध सैल झाले की, कोशिका सुटी होते. भ्रूणात अवयव घडविण्यासाठी वापरली जाणारी यंत्रणा अर्बुदात स्थलांतरासाठी वापरली जाते, असे यावरून दिसून आले.

पचन तंत्राच्या कर्करोगाशी या शोधाचा थेट संबंध जर्मनीतील टोमास ब्राबलेट्झ व त्यांचे सहकारी यांनी २००१ मध्ये जोडला. बृहदांत्राच्या अर्बुदाच्या मध्यभागी ग्रंथीसारखी रचना कायम असते. पण ज्या कडेने अर्बुद आजूबाजूच्या ऊतकात घुसते, तेथे कोशिका ग्रंथीरूप सोडून सुट्या झालेल्या दिसतात आणि त्यांच्या केंद्रकात बीटा-कॅटेनीन हे प्रथिन साचलेले असते. त्याच रुग्णांच्या प्रक्षेपांत मात्र ग्रंथीरूप पुन्हा प्रकट झालेले आढळले. म्हणजेच बदल कायमचा नसून उलटवता येणारा होता. प्रवासापुरते एक रूप आणि वस्तीसाठी पुन्हा मूळ रूप, असा त्याचा क्रम दिसला. व्हाल्डायर यांच्या काळापासून प्रक्षेपातील आतड्यासारख्या ग्रंथी पाहून कोशिका बदलतच नाही असे मानले जात होते. प्रत्यक्षात ती बदलून पुन्हा पूर्वरूपावर आलेली असू शकते, ही शक्यता सूक्ष्मदर्शकातील स्थिर चित्रावरून लक्षात येणे कठीण होते.

मतभेद व दुरुस्ती : २०१२ मध्ये उंदरांवरील दोन स्वतंत्र प्रयोगांत मध्योतकासारख्या रूपात अडकून पडलेल्या कोशिका दूरच्या इंद्रियात वाढू शकत नाहीत, असे आढळले, रुजण्यासाठी रूप परत बदलणे आवश्यक ठरले. त्याच वर्षी अग्निपिंडाच्या कर्करोगाच्या उंदरांतील प्रतिकृतीत स्पष्ट अर्बुद दिसण्यापूर्वीच रूप बदललेल्या कोशिका रक्तात व यकृतात पोहोचलेल्या आढळल्या. याउलट २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत मध्योतकाकडे होणारे पूर्ण रूपांतर टाळले तरी प्रक्षेप होऊ शकतात, असा दावा करण्यात आला. हे रूपांतर औषधांना दाद न देण्याशी मात्र निगडित असल्याचे त्यांनी दाखविले. या वादातून आज सामान्यतः मान्य झालेली भूमिका अशी की, कोशिका एका टोकापासून दुसऱ्या टोकाला क्वचितच जाते. बहुधा ती दोहोंच्या मधल्या, मिश्र अवस्थेत असते आणि ही लवचिकता हेच तिचे बळ असते. संज्ञांच्या वापरातील गोंधळ दूर करण्यासाठी या क्षेत्रातील संशोधकांनी २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली.

यकृतातील वस्ती : निरोगी आतड्याच्या अस्तराचे सतत नूतनीकरण होत असते. हे काम करणाऱ्या मूल कोशिका एलजीआर५ या खुणेवरून ओळखता येतात, असे नेदर्लंड्समधील हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ मध्ये दाखविले. २०१७ मधील एका प्रयोगात उंदरांतील बृहदांत्राच्या अर्बुदातून अशा खुणेच्या कोशिका नष्ट केल्या असता मूळ अर्बुद टिकून राहिले, परंतु यकृतातील प्रक्षेप होऊ शकले नाहीत. २०२० मध्ये मात्र असे दिसून आले की, मूळ अर्बुदातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक कोशिकांवर ही खूण नसतेच. यकृतात पोहोचल्यावर त्यांच्यापासून ती खूण असलेल्या कोशिका नव्याने निर्माण होतात. २०२२ मध्ये बार्सेलोना येथील एदुआर्द बाल्ये यांच्या गटाने ईएमपी१ ही खूण असलेल्या कोशिका यकृतात लपून राहतात व शस्त्रक्रियेनंतर रोग उलटण्यास कारणीभूत होतात, असे उंदरांतील प्रयोगांत दाखविले. स्नेल प्रथिनाचे कार्य २००० मध्ये उघड करणाऱ्या संशोधकांत बाल्ये यांचाही समावेश होता.

न्यूयॉर्क येथील एका गटाने २०२० मध्ये या प्रकारांतराचे आणखी एक अंग पुढे आणले. उपकलेतील बंध तुटले की, बृहदांत्राच्या कर्ककोशिकांत एल१कॅम हे प्रथिन प्रकट होते व त्याच्या आधारे त्या नव्या ठिकाणी वाढू लागतात. आतड्याला इजा झाल्यावर जखम भरून काढणाऱ्या निरोगी कोशिकांतही हेच प्रथिन दिसते. म्हणजे कर्ककोशिका नवी विद्या शिकत नाही. भ्रूण घडविण्याची व जखम भरण्याची शरीराची जुनीच साधने ती आपल्या उपयोगात आणते.

यकृताचा स्वतःचा प्रभावही त्यात दिसून येतो. २०१८ मधील एका अभ्यासानुसार यकृतात स्थिरावलेल्या बृहदांत्राच्या कर्ककोशिकांत अल्डोलेज-बी या एंझाइमाचे प्रमाण वाढते व त्यामुळे यकृतात मुबलक असलेल्या फ्रुक्टोज शर्करेचा उपयोग त्या करू लागतात. २०२० मध्ये रुग्णांच्या मूळ अर्बुदांची व यकृतातील प्रक्षेपांची तुलना करण्यात आली. प्रक्षेपातील कोशिकांत बृहदांत्राची वैशिष्ट्ये ठरविणाऱ्या जनुकांचे कार्य घटलेले, तर यकृताची वैशिष्ट्ये ठरविणाऱ्या जनुकांचे कार्य वाढलेले आढळले. या बदलामागे एचएनएफ१ए व फॉक्सए२ ही जनुकांचे नियमन करणारी प्रथिने असल्याचे दाखविण्यात आले. आतडे व यकृत ही दोन्ही भ्रूणाच्या एकाच थरापासून, अंतःस्तरापासून, बनतात. त्यामुळे आतड्याच्या कोशिकेत यकृताच्या जनुकांना जाग येणे हे भ्रूणविज्ञानाच्या दृष्टीने अगदी अनपेक्षित नाही.

प्रक्षेपांची वाढ दोन मुख्य प्रकारांनी होते, हे बेल्जियममधील विकृतिवैज्ञानिकांच्या २००१ मधील वर्णनानंतर स्पष्ट झाले. एका प्रकारात अर्बुदाभोवती तंतुमय ऊतकाचे कडे तयार होऊन ते यकृतापासून वेगळे राहते. दुसऱ्या प्रकारात कर्ककोशिका यकृतकोशिकांच्या रांगांत शिरून त्यांची जागा घेतात व यकृताच्याच केशवाहिन्या वापरतात. दुसऱ्या प्रकारात शस्त्रक्रियेनंतरचे आयुर्मान सरासरीने कमी असते. नव्या रक्तवाहिन्यांच्या वाढीला आळा घालणारी औषधेही अशा रुग्णांत कमी परिणामकारक ठरतात, कारण या अर्बुदाला नव्या वाहिन्यांची गरजच नसते.

निदानातील अडचण : प्रकारांतराचा प्रश्न रुग्णालयात अगदी साध्या रूपात समोर येतो. पोटदुखी, अरुची किंवा वजनातील घट यांसाठी एखाद्या माणसाची अहिल्यानगरच्या सावेडी उपनगरात वा तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते आणि यकृतात अनेक गाठी दिसतात. मूळ अर्बुद कोठे आहे हे मात्र माहीत नसते. जठर, अग्निपिंड, बृहदांत्र व खुद्द यकृत यांच्या कर्करोगांवरील उपचार भिन्न असल्याने गाठ कोणत्या कोशिकांची आहे, हे ठरविणे निकडीचे असते. त्यासाठी सुईने काढलेल्या तुकड्यातील विशिष्ट प्रथिनांची तपासणी प्रतिपिंडांच्या (विशिष्ट प्रथिनाशी जोडल्या जाणाऱ्या पदार्थांच्या) साहाय्याने करतात. बृहदांत्राच्या कर्ककोशिकांत बहुधा केराटीन-२० व सीडीएक्स२ ही प्रथिने आढळतात आणि केराटीन-७ आढळत नाही. प्रक्षेपातही या खुणा बहुतेक वेळा कायम राहतात. प्रकारांतर झाले तरी वंशाची ओळख सहसा पुसली जात नाही, ही रुग्णाच्या दृष्टीने जमेची बाजू होय.

तथापि तिला अपवाद आहेत. जठराच्या एका विरळ कर्करोगात कोशिका दिसण्यात यकृतकोशिकांसारख्या असतात व यकृताच्या कर्करोगाप्रमाणेच आल्फा-फीटोप्रोटीन हे प्रथिन तयार करतात. जपानमधील इशिकुरा व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या प्रकाराला यकृतसदृश कर्करोग असे स्वतंत्र स्थान दिले. तो यकृतात लवकर पसरतो व तेथे तो यकृताचाच मूळ कर्करोग असल्याचा भास होऊ शकतो. सीडीएक्स२ प्रथिन नाहीसे होणे हेही अर्थपूर्ण असते. २०१६ मधील एका अभ्यासात ज्या बृहदांत्र-अर्बुदांत हे प्रथिन नव्हते, त्यांच्या रुग्णांत रोग उलटण्याचे प्रमाण अधिक आढळले. दुसऱ्या अवस्थेतील अशा रुग्णांना शस्त्रक्रियेनंतरच्या रासायनी चिकित्सेचा लाभ होण्याची शक्यताही त्यात दिसून आली.

महाराष्ट्रातील पुढील संशोधन : १९६६ मध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय व संशोधन केंद्र यांचे टाटा मेमोरियल केंद्रात एकत्रीकरण झाले. संशोधन विभाग पुढे नवी मुंबईतील खारघर येथे गेला. तेथील सोराब दलाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मानवी बृहदांत्राच्या कर्ककोशिकांवरील काम प्रसिद्ध केले. शेजारच्या कोशिकांना जोडणाऱ्या सांध्यांतील प्लाकोफिलीन-३ हे प्रथिन कमी केले असता कोशिकांचे परस्परबंध सैल होतात व उंदरांत प्रक्षेपाची प्रवृत्ती वाढते, असे त्यात दिसून आले. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रात शर्मिला बापट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडाशयाच्या कर्करोगात स्नेल व त्याच्या कुळातील स्लग या प्रथिनांचा कोशिकांच्या घुसखोर वृत्तीशी असलेला संबंध २००५ मध्ये दाखविला. अवयव वेगळा असला, तरी यंत्रणा तीच आहे.

प्रयोगशाळेतील हे ज्ञान आणि रुग्ण यांमध्ये काळाचे अंतर असते. मुंबईत १९६३ मध्ये देशातील पहिली कर्करोग नोंदणी सुरू झाली. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे १९८७ मध्ये ग्रामीण लोकसंख्येवर आधारलेली पहिली नोंदणी सुरू झाली. बार्शी परिसरात लोकशिक्षणामुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे निदान अधिक लवकरच्या अवस्थेत होऊ लागले. पचन तंत्राच्या अर्बुदांची लक्षणे मात्र प्रारंभी अस्पष्ट असतात. शौचावाटे रक्त जाणे मूळव्याधीवर ढकलले जाते आणि रुग्ण येतो तेव्हा यकृतात प्रक्षेप झालेले असणे शक्य असते. खुद्द कमल रणदिवे यांनी निवृत्तीनंतर शेजारच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्याच्या आदिवासी भागात बालकांच्या पोषणस्थितीची पाहणी केली व ग्रामीण स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देण्याच्या कामात भाग घेतला. कोशिकेच्या अभ्यासापासून गावातील आरोग्यसेवेपर्यंतचा हा त्यांचा मार्ग कर्करोगाच्या प्रश्नाची दोन्ही टोके दाखवितो.

उपचारांची दिशा : यकृतातील प्रक्षेप म्हणजे रोगाची अखेरची अवस्था, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत मानले जात असे. बृहदांत्राच्या कर्करोगात प्रक्षेप मोजके व काढण्याजोगे असल्यास यकृताचा तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येतो. यकृताची पुनर्जननक्षमता मोठी असल्याने उरलेला भाग वाढून कार्य सांभाळतो. अशा निवडक रुग्णांपैकी सु. ४०% रुग्ण पाच वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जगल्याचे अनेक मोठ्या रुग्णालयांच्या नोंदींत आढळते. अग्निपिंडाच्या कर्करोगाच्या प्रक्षेपांत मात्र शस्त्रक्रियेचा असा लाभ सहसा मिळत नाही.

प्रकारांतर थेट रोखणारे औषध अद्याप नेहमीच्या उपचारांत आलेले नाही. त्यात एक तात्त्विक अडचणही आहे. मध्योतकासारखे रूप पुसून टाकणारे औषध कोशिकेचा प्रवास थांबवील. पण आधीच यकृतात पोहोचून सुप्त राहिलेल्या कोशिकांना तेच औषध रुजण्यास मदत करण्याचाही संभव आहे. म्हणून एखाद्या विशिष्ट रूपावर घाव घालण्याऐवजी रूप बदलण्याची क्षमताच मर्यादित करणे, तसेच यकृतात लपलेल्या कोशिका शस्त्रक्रियेपूर्वीच नष्ट करणे, या दिशांनी संशोधन चालू आहे. तोपर्यंत कोशिका मूळ जागा सोडण्यापूर्वी अर्बुद ओळखणे व काढून टाकणे, हाच सर्वांत खात्रीचा उपाय राहतो. [⟶ अर्बुदविज्ञान, कर्करोग].